"हार मानू नका" हा सल्ला अर्धाच आहे. उरलेला अर्धा बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेकडे आहे



आपल्याकडची एक म्हण तुम्हाला सांगायची गरज नाही. "बनी तो बनी, नहीं तो परभणी." जमलं तर जमलं, नाहीतर आपली परभणी आहेच. पुण्याला कामाला जाणारं पोरगं एसटीत बसताना हेच म्हणतं आणि सहा महिन्यांनी परत आलं की चौकातली मंडळी पण हेच म्हणतात.

मी चॅनल सुरू केलं तेव्हा या म्हणीचा मला लई राग यायचा. वाटायचं, हीच आपली खोड आहे, आपण आधीच परतीचं तिकीट काढून ठेवतो. म्हणून 2021 मध्ये मी एक व्हिडिओ टाकला होता. त्याचं सार एवढंच होतं की परतीचा रस्ता बंद करा, मागे वळून पाहू नका, हार मानू नका. तो व्हिडिओ चालला. माझ्या इतर व्हिडिओंपेक्षा खूप जास्त चालला.

नंतर एक दिवस गंगाखेड तालुक्यातल्या एका पोराचा फोन आला. त्याने तो व्हिडिओ बघून मेडिकलवरची नोकरी सोडली होती. आईच्या पाटल्या गहाण ठेवून मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकलं होतं. नऊ महिने झाले होते. गाळ्याचं भाडं निघत नव्हतं. तो माझ्यावर चिडला नाही, रडलाही नाही. त्याने फक्त विचारलं, "सर, तुम्ही म्हणाला होतात हार मानायची नाही. पण किती दिवस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीबीएच्या तीन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि मी पण कुणाला शिकवलं नव्हतं. आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते मला धंद्याच्या पुस्तकात नाही, टेनिसमध्ये सापडलं.

टेनिस कशाला मध्येच?

माझं सेलूत शालेय साहित्य आणि स्पोर्ट्सचं दुकान आहे. दुकानातून टेनिस बॉल डझनांनी जातात. पण त्यातला एकही बॉल टेनिस खेळायला जात नाही, सगळे क्रिकेटला जातात. टेनिसची रॅकेट मी एकदाच मागवली होती, ती अजून वर टांगलेली आहे. त्यामुळे टेनिसचं मला काही कळतं असा माझा दावा नाही. मला आकडे कळतात. टेनिसपटूचं करिअर म्हणजे सरळसरळ एका माणसाचा धंदा असतो, हे आकडे बघितल्यावर लक्षात आलं.

विचार करा. क्रिकेटपटूला टीम असते, बोर्ड असतं, करार असतो. टेनिसपटूला पगार नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, रॅकेटच्या तारा, कोच, फिजिओ, बहुतेक खर्च तिचा तिने करायचा. जिंकली तर पैसे, हरली तर पुढच्या गावाला. आपलं दुकान आणि तिचं करिअर यात फरक एवढाच की तिचा गाळा दर आठवड्याला दुसऱ्या देशात असतो.

आणि टेनिस म्हटलं की आपल्याला विम्बल्डनचं हिरवं गवतच दिसतं. त्याखालची शिडी दिसत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या महिलांच्या स्पर्धांना डब्ल्यू 15 म्हणतात, कारण अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस 15,000 डॉलर असतं. म्हणजे साधारण तेरा लाख रुपये. ऐकायला मोठे वाटतात, पण ते एकेरी आणि दुहेरीच्या सगळ्या मुलींमध्ये वाटले जातात. एकेरीत पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास येतात. तेवढ्यात परदेशातल्या हॉटेलच्या दोन-तीन रात्रीही नीट भागत नाहीत.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 सालच्या आकड्यांवर एक अभ्यास केला होता. त्यात निघालं की कोचचा खर्च बाजूला ठेवला तरी नुसता खर्च भागायला महिला खेळाडूला जगात साधारण अडीचशेच्या आत यावं लागतं. जगात, जिल्ह्यात नाही. जगात तीनशेव्या नंबरवर असलेली खेळाडू तोट्यात! आता सांगा, तिला "हार मानू नको" एवढंच सांगून भागेल का?

बार्शीची मुलगी

प्रार्थना ठोंबरे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. जन्म 1994 चा. बार्शी आपल्याला परकी नाही, ज्वारी आणि तुरीची बाजारपेठ म्हणून आपल्याकडचे अडते तिला ओळखतात. मुंबई नाही, पुणे नाही, आपल्यासारखंच तालुक्याचं गाव.

तिची नोंद बघा.

2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिने सानिया मिर्झासोबत महिला दुहेरीचं कांस्यपदक जिंकलं. वय वीस.

2016 मध्ये रिओ ऑलिम्पिक, परत सानियासोबत महिला दुहेरी. समोर चीनची पेंग शुआई आणि झांग शुआई. पेंग म्हणजे दुहेरीत एकेकाळी जगात पहिल्या नंबरवर राहिलेली, विम्बल्डन आणि फ्रेंच ओपन दुहेरी जिंकलेली खेळाडू. पहिला सेट आपल्या जोडीने टायब्रेकमध्ये घेतला. पुढचे दोन 5-7, 5-7 असे गेले. एकूण गेम मोजले तर 17 विरुद्ध 20. तीन गेमचा फरक आणि ऑलिम्पिक पहिल्याच फेरीत संपलं.

आणि मग एप्रिल 2025. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीत बिली जीन किंग कप, म्हणजे महिलांची देशा-देशांमधली टेनिस स्पर्धा. दक्षिण कोरियाविरुद्ध 1-1 अशी बरोबरी. निर्णायक दुहेरीला अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे उतरल्या आणि जिंकल्या. भारत गटात दुसरा आला आणि प्ले-ऑफला गेला.

2014 ते 2025. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत ती ग्रँड स्लॅमची विजेती झालेली नाही. टीव्हीवर तिच्या जाहिराती नाहीत. तुमच्यापैकी निम्म्यांनी तिचं नाव आज पहिल्यांदा वाचलं असेल. पण अकरा वर्षांनंतर देशाला एक दुहेरी जिंकून हवी होती तेव्हा ती कोर्टवर होती, तयार होती. माझ्या मते याला यशस्वी करिअर म्हणतात. चॅनलवर आपण ज्याला "सक्सेस स्टोरी" म्हणतो त्यात हे बसत नाही. मग आपली व्याख्या तपासायला पाहिजे.

पहिली गोष्ट: ती दुहेरीची खेळाडू आहे

टेनिसमध्ये एकेरीची आणि दुहेरीची क्रमवारी वेगवेगळी असते. एकेरीत नाव आहे, पैसा आहे, आणि गर्दी पण आहे. दुहेरीत बक्षीस कमी, तेही दोघींत वाटायचं. फोटो कमी, बातमी त्याहून कमी. पण दुहेरीचा खेळच वेगळा आहे. नेटजवळचा हात, सर्व्हिस परतवायची नजर, जोडीदाराबरोबरचा ताळमेळ इथे जास्त मोलाचा. एकेरीत पाचशेवी असणारी मुलगी दुहेरीत बरीच वर असू शकते.

आपण धंद्यात काय करतो? सगळेच एकेरी खेळायला जातो. मेन रोडवर शोरूम पाहिजे, काचेचं दार पाहिजे, आपल्या नावाचा चमकता बोर्ड पाहिजे.

मी स्वतः हेच केलं. 2018 मध्ये परभणीत स्टेशन रोडच्या बाजूला ब्रँडेड स्पोर्ट्सचं दुसरं दुकान टाकलं. डिपॉझिट, फर्निचर, माल, सगळं मिळून सेलूच्या दुकानाची सहा वर्षांची शिल्लक त्यात गेली. चौदा महिन्यांत शटर ओढलं. गिऱ्हाईक यायचं, बूट पायात घालून बघायचं, फोटो काढायचं आणि ऑनलाइन मागवायचं. मी वाईट दुकानदार नव्हतो हो. चुकीच्या गटात खेळत होतो.

मला जगवलं कशाने? शाळांच्या स्पोर्ट्स ड्रेसने. कापड आणि छपाई मी बघतो, शिलाई मानवतजवळच्या एका बचत गटातल्या ताई बघतात. त्यात बोर्ड नाही, काच नाही, इन्स्टाग्रामला टाकायला फोटो नाही. पण जून-जुलैमध्ये मान वर करायला वेळ नसतो. ही माझी दुहेरी.

आणि दुहेरी कमी दर्जाची असं समजू नका. जरा लांबचं उदाहरण देतो. चेक प्रजासत्ताक हा देश साधारण एक कोटी लोकवस्तीचा. आपल्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत अठरा लाखांच्या वर होती, म्हणजे असे सहा जिल्हे एकत्र केले की एक चेक देश. तिथून महिला टेनिसमध्ये विजेत्यांची रांग लागलेली आहे. त्यातलं प्रोस्तेयोव्ह नावाचं गाव वस्तीने साधारण आपल्या सेलूएवढं, पण तिथल्या क्लबमध्ये घडलेली पेत्रा क्विटोव्हा दोनदा विम्बल्डन जिंकली.

याच देशाची बार्बोरा क्रेचिकोव्हा. 2018 मध्ये ती कातेरिना सिनियाकोव्हासोबत दुहेरीत जगात पहिल्या नंबरवर गेली. त्या वेळी एकेरीत ती पहिल्या शंभरातही नव्हती. दुहेरीवर तिचं घर चालत होतं, मोठ्या कोर्टची सवय होत होती. मग 2021 मध्ये तिने फ्रेंच ओपन एकेरी जिंकली, त्याच स्पर्धेत दुहेरीही जिंकली. 2024 मध्ये विम्बल्डन एकेरी. सगळ्यांना असं जमेल का? नाही. पण जमलं नसतं तरी दुहेरीवर तिचं करिअर उभं होतंच. मला त्यातला हा भाग महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट: जोडीदार

रिओच्या वेळी बरेच जण म्हणाले, "सानियामुळे गेली." खरं आहे. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिल्या नंबरवर होती, जोडीला प्रवेश मुख्यतः तिच्या क्रमवारीने मिळाला. प्रार्थनाने सराव पण हैदराबादच्या सानियाच्या अकॅडमीत केला होता.

मग? यात लाज कसली? मोठ्या माणसाने हात दिला तरी कोर्टवर रॅकेट तुमच्याच हातात असते. माजी नंबर एक समोर असताना पहिला सेट काढायचा आणि पुढचे दोन 5-7 पर्यंत ओढायचे, हे वशिल्याने होत नाही.

आपल्याकडे उलटं चालतं. कुणाची मदत घेतली तर लोक काय म्हणतील, म्हणून पोरं एकटीच भिडतात. क्रेचिकोव्हा अठरा वर्षांची असताना आई-वडिलांसोबत याना नोवोत्नाच्या दारात गेली होती, 1998 च्या विम्बल्डन विजेत्या नोवोत्नाच्या. हातात चिठ्ठी होती, मदत करा म्हणून. नोवोत्नाने तिला शिकवलं. तुमच्या बाजारपेठेत वीस वर्षं टिकलेला दुकानदार आहे ना? त्याच्या दारात तुम्ही कधी गेलात?

श्रीरामपूरची ऋतुजा भोसले बघा. हिने अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून कॉलेज टेनिस खेळलं, म्हणजे खेळ आणि शिक्षण सोबत. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. बोपण्णा तेव्हा 43 वर्षांचा होता. फायनलचा पहिला सेट ते 2-6 हरले. मग 6-3 आणि टायब्रेक 10-4. पहिला सेट गेल्यावर दोघांनी एकमेकांवर खापर फोडलं असतं तर सुवर्ण आलं नसतं. भागीदारीतली किती दुकानं पहिल्या सेटनंतरच बंद पडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट: 52 आठवडे

टेनिसची क्रमवारी मागच्या 52 आठवड्यांवर चालते. मागच्या वर्षी याच आठवड्यात कमावलेले गुण या वर्षी गळून पडतात, नवे कमवावे लागतात. जुन्या पुण्याईवर बसता येत नाही. पण याची दुसरी बाजू पण बघा, जुना पराभवही कायमचा चिकटत नाही.

म्हणून या मुली वर्षाचं कॅलेंडर आखतात. किती स्पर्धा खेळायच्या, कुठे खेळायच्या, कोणत्या पायरीवर खेळायच्या, पैसे कुठवर पुरतील. एक स्पर्धा सोडली म्हणजे टेनिस सोडलं असं कुणी म्हणत नाही. वरच्या पायरीवर सारखं पहिल्या फेरीत बाहेर पडायला लागलं तर खालच्या पायरीवर येऊन सामने जिंकतात, गुण जमवतात, परत वर जातात. याला तिथे कुणी माघार म्हणत नाही.

आपण धंद्यात "खेळतं भांडवल" म्हणतो. किती नेमका शब्द आहे! जे भांडवल तुम्हाला खेळात ठेवतं ते. गंगाखेडच्या त्या पोराकडे ते नव्हतं. सगळा पैसा डिपॉझिट, फर्निचर आणि पहिल्या मालात गेला होता. तो पहिल्याच स्पर्धेचं तिकीट काढून बसला होता, परतीच्या भाड्याला खिशात काही नव्हतं. आणि ते परतीचं भाडं ठेवू नको, हे त्याला मीच सांगितलं होतं.

मग "किती दिवस?"

आज मला कुणी हा प्रश्न विचारला तर मी उलट तीन प्रश्न विचारतो.

एक, घरखर्च बाजूला ठेवून दुकानाचे किती महिन्यांचे पैसे हातात आहेत? तेवढ्या तुमच्या स्पर्धा. सहा महिन्यांचे असतील तर सहा स्पर्धा. सातवी स्पर्धा आईच्या सोन्यावर खेळायची नाही. आकडा आज, शांत डोक्याने, वहीत लिहा. तोटा सुरू झाल्यावर कुणाचंच डोकं शांत नसतं.

दोन, तुम्ही कोणत्या गटात खेळताय? मागच्या तीन महिन्यांत कोणत्या मालावर, कोणत्या गिऱ्हाइकात तुम्ही खरंच जिंकलात? गल्ल्याकडे बघून सांगा, मनाकडे बघून नाही. तिथे जास्त खेळा. बाकीचं कमी करा.

तीन, तुमचा जोडीदार कोण? भागीदारच पाहिजे असं नाही. उधारीवर माल देणारा होलसेलवाला, शिलाई करणाऱ्या ताई, हिशोब बघणारी बायको, हे सगळे जोडीदारच. एकटे असाल तर आधी तो शोधा.

तिन्हींची उत्तरं असतील तर खेळत राहा, कुणाचं ऐकू नका. पहिल्याचंच उत्तर "शून्य" असेल तर शटर ओढा. दुकान बंद करणं म्हणजे धंदा सोडणं नाही. ती एक स्पर्धा संपली.

मला माहीत आहे, यावर काही जण म्हणतील, "सर, असा हिशोब करत बसलं असतं तर कुणीच मोठं झालं नसतं. जोखीम घ्यावीच लागते." बरोबर आहे. बार्शीतून टेनिसमध्ये करिअर करायला निघणं यापेक्षा मोठी जोखीम मला तरी माहीत नाही. पण जोखीम घेणं वेगळं आणि किती घेतली ते न मोजणं वेगळं. जोखीम घेऊन जिंकलेल्यांच्या मुलाखती होतात. सोनं गेलेल्यांच्या होत नाहीत, ते फोन करतात. ते फोन मी घेतले आहेत.

त्या पोराचं काय झालं? त्याने दुकान बंद केलं. माल निम्म्या भावात गेला. तो परत मेडिकलवर लागला. आठवडी बाजाराच्या दिवशी कव्हर आणि चार्जरची पेटी घेऊन बसतो, भाडं नाही, लाइट बिल नाही. एक पाटली सुटली आहे, एक अजून सुटायची आहे. तो 2021 चा व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही, पण त्याखाली सगळ्यात वर लिहून ठेवलंय की हा सल्ला अर्धा आहे, पूर्ण ऐकल्याशिवाय नोकरी सोडू नका. त्याची माफी मी फोनवर मागितली होती, आज इथे सगळ्यांसमोर मागतो.

आणि त्या म्हणीबद्दल. आता मला तिचा तेवढा राग येत नाही. "बनी तो बनी" हे नशिबावर सोडणं मला आजही पटत नाही. पण "नहीं तो परभणी" यात एक शहाणपण आहे. परत यायला घर असणं हा कमीपणा नाही, ते आपलं खेळतं भांडवल आहे. ते विकून खेळू नका, एवढंच.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही काढा आणि पहिला आकडा लिहा, हातात किती महिने आहेत. मग ठरवा, तुम्ही एकेरी खेळताय की दुहेरी.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, आणि उधारीची वही लिहायला विसरू नका.